पांढऱ्या पेटीतल्या माश्या

अक्रोडाच्या झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या तीन गावांतूनही लोक आले होते. कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या खांद्यावर हात टाकून. मधोमध टेबलावर दोन लाकडी पेट्या, एक काळी, एक पांढरी. टेबलामागे पाम्फिलबाबा.

"मधमाशी म्हणजे देवाची डॉक्टरीण!" बाबा गरजला. "रांग लावत नाही, खोटं बोलत नाही. जिथं रोग, तिथं डसते. निर्मळ देहाला डसायची नाही. बघा!"

पांढऱ्या पेटीतली एक माशी चिमटीत धरून त्यानं थेट जिभेवर ठेवली. माशी जिभेवरून ओठावर आली, मिशीत घुसली. डसली मात्र नाही. बायकांनी छातीवर क्रूस काढला, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

वेतुरियानं टाळी वाजवली नाही. गावच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं नर्स होती, आणि आज औषधांची पिशवी खांद्याला लावूनच आली होती. कारण पहिल्या रांगेत तिची थोरली बहीण बसली होती. लुक्रेत्सियाचे गुडघे सांधेदुखीनं धरलेले. दहा दिवसांपूर्वी बाबानं तिला काळ्या पेटीतल्या आठ माश्या डसवल्या, नववी पांढऱ्या पेटीतून काढली. नववी डसली नाही. "अर्धा रोग गेला, गोळ्या बंद!" बाबानं जाहीर केलं. घरी पोचेपर्यंत लुक्रेत्सियाच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले.

"ताई, उठ. मागच्या खेपेला गांधी उठल्या, या खेपेला त्याहून भारी पडेल," वेतुरिया तिच्या कानाशी लागली.

"तुला मेलीला सगळ्यातच संशय. कोस्ताकेची कंबर बघ, कशी मोकळी झाली!"

"कोस्ताके गेल्या आठवड्यात शहरात जाऊन इंजेक्शन घेऊन आलाय. ते नाही सांगत तो कुणाला."

बाबानं ऐकलं. "गांधी उठल्या? उठणारच! रोग पळताना दारं आपटत जातो, बाई!" लोक हसले. त्यानं काळ्या पेटीतल्या दोन माश्या लुक्रेत्सियाच्या गुडघ्यावर टेकवल्या. दोन्ही डसल्या.

पाच मिनिटंही झाली नसतील. "घशात... काहीतरी अडकलंय," लुक्रेत्सिया घोगऱ्या आवाजात म्हणाली. चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक, आणि ती खुर्चीवरून घसरली.

"हात लावू नका!" बाबानं दोन्ही हात वर केले. "रोग निघतोय!"

लोक खरोखरच मागं सरले.

"बाजूला व्हा!" वेतुरिया गर्दी फाडून आत शिरली. बहिणीला आडवं केलं, पाय खुर्चीवर टेकवले, नखानं दोन्ही नांग्या खरवडून काढल्या. पिशवीतून अ‍ॅड्रेनॅलिन काढून सुई घागऱ्यावरूनच मांडीत खुपसली. "कोस्ताके, उभा काय राहिलास? रुग्णवाहिका बोलाव!"

हळूहळू बहिणीचा श्वास मोकळा झाला, नाडी हाताला लागली.

बाबालाही धीर आला. "पोटात पाप राहिलं असणार हिच्या," तो म्हणाला. "मला का नाही डसत?" त्यानं पांढऱ्या पेटीतली आणखी एक माशी गालावर सोडली.

आता वेतुरिया अगदी जवळ होती. माशी जाडजूड होती, तिची गुणगुणही जड वाटत होती. बहिणीच्या मनगटावरची पकड न सोडता तिनं हाक मारली, "झाहारियाकाका, जरा त्या पेटीत बघा हो."

झाहारियानं चाळीस वर्षं मधमाश्या पाळल्या होत्या. बाबा आडवा येण्याआधीच त्यानं झाकण उघडलं, आत हात घातला आणि मूठभर माश्या बाहेर काढल्या.

"अरे लबाडा! हे तर सगळे नर!"

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"नराला नांगीच नसते रे! डसते ती कामकरी माशी, या काळ्या पेटीतली. याचे डोळे बघा केवढे, डोक्यावर भिडलेत. मागचं टोक बघा, बोथट. हा डसणार कशानं, दातानं?" त्यानं एक नर कोस्ताकेच्या तळहातावर ठेवला. नर निवांत फिरू लागला.

"चला, कोस्ताकेसुद्धा निर्मळ निघाला!" मागून आवाज आला. एकच हशा पिकला. बाबा पेट्या उचलायला लागला, पण झाहारियानं दोन्ही पेट्यांवर हात ठेवले, आणि पोलीस येईपर्यंत कुणी त्याला वाट दिली नाही.

तीन दिवसांनी लुक्रेत्सिया घरी आली. रविवारी प्रार्थना सुटल्यावर बायकांनी वेतुरियाला चर्चच्या दारातच गाठलं. "मग माशीचं विष औषध नाहीच का?"

"आहे ना. ताईसारख्यांना विषाची बाधा होते. त्यांना मोठ्या इस्पितळात तेच विष शुद्ध करून, मोजून, कणाकणानं देतात, अंगाला सवय लागावी म्हणून. कित्येक वर्षं चालतं ते, आणि प्रत्येक खेपेला डॉक्टर शेजारी असतो. सांधेदुखीवर त्याचा उपयोग होतो याला मात्र अजून भक्कम पुरावा नाही. जीव जाऊ शकतो याला आहे. औषध देणाऱ्याला आधी विचारावं, हे उलटलं तर तू काय करशील? हात वर करणाऱ्याच्या हाती आपला देह देऊ नये."

"एवढं साधं," एकजण म्हणाली, "मग आपण का नाही विचारलं?"

बोलली ती काठी टेकून उभी असलेली लुक्रेत्सियाच.

"कशा विचारणार? आपण टाळ्या वाजवत होतो."