सडपातळ

भाषांतराच्या कचेरीत बाईंना बावीस वर्षं झाली होती. कचेरी म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक बाकडं, आतल्या खोलीत टाइपरायटर, शिक्के आणि लोखंडी कपाट. लोक जन्माचे दाखले, शाळेची प्रमाणपत्रं, परदेशातून आलेली पत्रं घेऊन यायचे. बाई इंग्रजीतून आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून इंग्रजीत करून द्यायच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेला एकही कागद कुणी परत आणला नव्हता. हे त्या आपणहून कुणाला सांगायच्या नाहीत, पण कुणी विचारलं तर लपवायच्याही नाहीत.

एके दिवशी दुपारी सोफावाला आला. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं. जुन्या सोफ्यांच्या स्प्रिंगा बदलणं, खुर्च्यांना नवं कापड चढवणं हे त्याचं काम. त्याच्या शर्टाला काथ्या चिकटलेला होता आणि हातात परदेशी तिकिटाचं पाकीट होतं.

"बाई, दादा जिथे राहतो तिथल्या घरमालकिणीचं पत्र आहे. आजवर कधी तिने लिहिलं नाही. काही वाईट तर नाही ना?"

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडच्या एका थंड देशात गोदीवर वेल्डर म्हणून गेला होता. अंगाने चांगला भरभक्कम. दोस्तमंडळी त्याला 'ड्रम' म्हणायची. वजन कमी करा, असं डॉक्टर त्याला दरवर्षी सांगायचे आणि तो दरवर्षी हसून दाखवायचा.

पत्र छोटं होतं. आपला भाडेकरू वेळेवर येतो-जातो, कुणाला त्रास देत नाही, पण हल्ली तो 'गॉन्ट' झाला आहे, घरच्यांना कळवावं असं वाटलं म्हणून लिहिते, एवढंच.

तो शब्द बाईंनी वाचला होता, पण कधी कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती. त्यांनी टेबलावरचा छोटा शब्दकोश उघडला. तिथे एकाच ओळीत तीन शब्द दिले होते: कृश, सडपातळ, रोड. सोफावाला टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता आणि श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बाईंनी मधला शब्द उचलला.

"काही वाईट नाही हो. तुमचे दादा सडपातळ झालेत म्हणे."

"कोण, आमचा दादा?" सोफावाला खो खो हसत सुटला. "ड्रम सडपातळ! बाई, जरा परत बघा, पत्र दुसऱ्याचं तर नाही?"

बाईही हसल्या आणि तसंच टाइप करून त्यांनी शिक्का मारला.

घरी तो कागद दोन दिवस हातोहात फिरला. वहिनीने, म्हणजे ड्रमच्या बायकोने, तो आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला. सोफावाल्याने भावाला चार पानं लिहिली: आता तू परत आलास की तुला ओळखायचं कसं, तुझे जुने शर्ट मी सोफ्याला खोळ म्हणून वापरू का, वहिनी म्हणते आता नवा नवरा आला तरी चालेल. ड्रमचं उत्तर आलं. त्यात त्याने लिहिलं होतं की इकडे चालणं फार होतं, तब्येत एकदम झकास आहे.

अडीच महिन्यांनी दुसरं पत्र आलं. सोफ्याच्या एका गिऱ्हाइकाला घाई होती, म्हणून सोफावाला ते बाईंकडे ठेवून लगेच निघून गेला. संध्याकाळी येतो म्हणाला.

बाईंनी वाचायला घेतलं. घरमालकिणीने लिहिलं होतं की मागच्या पत्राचा काही उपयोग झाला नाही असं दिसतं. तो आता आणखीच गॉन्ट झाला आहे. गाल आत गेले आहेत, डोळे मोठे दिसतात, हात थरथरतात, कपडे अंगावर टांगल्यासारखे वाटतात. तो भरपूर जेवतो, तरी असं का होतं ते कळत नाही. घरच्यांनी यावं.

बाईंनी पत्र खाली ठेवलं. मग त्या उठून कपाटाकडे गेल्या. वरच्या खणात मोठा शब्दकोश होता. जड म्हणून तो फारसा कुणी काढत नसे. त्यात त्या शब्दाला अर्धा रकाना दिलेला होता. आजाराने, उपासमारीने किंवा म्हातारपणाने हाडं वर आलेला, खंगलेला. पुढे खुलासा होता की चांगल्या बांध्याच्या, देखण्या बारीकपणासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, आणि हा शब्द कौतुकाने कधी वापरत नाहीत. बाईंनी तो मजकूर तीनदा वाचला. मग फायलीतून आपल्या पहिल्या भाषांतराची प्रत काढली. 'सडपातळ' हा शब्द कुठेही खाडाखोड न होता स्वच्छ टाइप झालेला होता.

त्यांना वाटलं असतं तर नव्या पत्राचं भाषांतर नीट करून देऊन गप्प बसता आलं असतं. माणूस तेव्हा बारीक होता, आता आजारी पडला, असंच सगळ्यांनी धरलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि चहा होईपर्यंत टिकला. चहा तसाच ठेवून त्यांनी कचेरीला कुलूप लावलं आणि त्या सोफ्याच्या दुकानाकडे निघाल्या.

सोफावाला जमिनीवर बसून एका खुर्चीच्या बैठकीला पट्टे ताणत होता. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या होत्या.

"अहो बाई, तुम्ही कशाला? मी येणारच होतो."

"मागच्या पत्रातला एक शब्द मी चुकवला," बाई म्हणाल्या. "सडपातळ नव्हतं ते. खंगलेला असं होतं. तुमचे दादा आजारी आहेत. तेव्हाही होते, आणि आता जास्त आहेत."

सोफावाल्याने तोंडातल्या चुका एकेक करून तळहातावर काढल्या.

"म्हणजे तिने तेव्हाच कळवलं होतं?"

"हो."

"आणि आम्ही इकडे थट्टा करत बसलो."

"तुम्हाला मी सांगितलं तेच तुम्ही धरलंत. चूक माझी आहे."

आतल्या बाजूला मशीनवर खोळ शिवत बसलेली वहिनी उठून आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, तुम्हाला शब्द येत नव्हता तर येत नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

तिघंही तसेच पोस्टात गेले आणि परदेशी फोनसाठी नाव नोंदवून बसले. पाऊण तासाने फोन लागला. घरमालकिणीशी बाई बोलल्या. वाक्य ऐकायचं, या दोघांना सांगायचं, यांचं तिला सांगायचं, असं चाललं होतं. बाईंनी एकही शब्द गाळला नाही. छाती धडधडते असं तो म्हणतो, जिना चढताना मध्ये बसतो, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. वहिनीने पदराने तोंड दाबून घेतलं, तरी त्या थांबल्या नाहीत.

नऊ दिवसांनी सोफावाला जाऊन भावाला घेऊन आला. विमानतळावर वहिनी नवऱ्याच्या अंगावरून नजर पुढे नेत मागे उभ्या असलेल्या माणसांत त्याला शोधत राहिली. सोफावाल्याने हात धरून त्याला तिच्यासमोर उभं केलं, तेव्हा तिला कळलं.

इस्पितळात तपासण्या झाल्या. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बेसुमार काम करत होती. खाल्लेलं सगळं अंगातल्या अंगात जळून जात होतं. इलाज होता आणि तो लागूही पडणार होता. पण हृदयावर ताण आला होता. दोन-तीन महिने आधी आणला असता तर बहुतेक निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता वेल्डिंग, जड उचलणं, उंचावर चढणं, सगळं कायमचं बंद.

बाई त्याला भेटायला गेल्या. जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, म्हणूनच त्या गेल्या. वहिनी त्यांना बघून पाण्याचा जग भरायला बाहेर निघून गेली.

ड्रम उशीला टेकून बसला होता. कॉलरबोनच्या वर खळगे पडले होते.

"तुम्हीच का त्या सडपातळवाल्या?" त्याने विचारलं.

"हो. मी माफी मागायला आले."

"बसा ना." त्याने खुर्चीकडे हात केला, हात थरथरत होता. "धाकट्याचं पत्र आलं तेव्हा मी वाचून खूप हसलो. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी कामावर चक्कर येऊन पडलो होतो. घरी कळवावं की नाही, या विचारात होतो. आणि यांचं पत्र येतं काय, सगळे खूश! म्हटलं, बरं झालं, आता काही सांगायला नको."

"म्हणजे मी तसं लिहिलं नसतं तर तुम्ही कळवलं असतं."

"कळवलं असतं की नाही, देव जाणे," ड्रम म्हणाला. "मी तसा भित्रा माणूस आहे. डॉक्टर काही वाईट सांगेल याची मला धास्ती. मला एक निमित्त हवं होतं, तुम्ही ते आयतं दिलंत. अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. हिला हे सांगून बघितलं, पण ती ऐकत नाही."

निम्मी चूक कमी झाली म्हणून बाईंना हलकं वाटलं नाही. तरी त्या खुर्चीवर बसल्या. त्याने तिकडच्या घरमालकिणीबद्दल सांगितलं. ती रोज त्याला दुसऱ्यांदा वाढायची आणि तो खाताना समोर बसून टक लावून बघायची, त्याला वाटायचं हिला आपण आवडलो. हे सांगताना तो एवढा हसला की नर्सने येऊन त्याला गप्प केलं.

वर्षभरात त्याचं वजन बरंचसं भरून आलं. आता तो भावाच्या दुकानात बसून कापड बेततो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो; खुर्ची उचलायची असली की धाकट्याला हाक घालतो. वहिनी बाईंशी बोलत नाही. रस्त्यात समोर आल्या तर ती पलीकडच्या बाजूने जाते, आणि बाईंनीही तिला कधी अडवलेलं नाही. ड्रम मात्र महिन्यातून एकदा तरी औषधं घ्यायला खालच्या दुकानात आला की वर कचेरीत येतो. जिन्यात मध्ये एकदा थांबतो, दम घेतो, आणि मग उरलेल्या पायऱ्या चढून बाकड्यावर येऊन बसतो.