तालुक्याच्या जावयाचा एसी

साडू हे नातं ज्यानं काढलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. भाऊ म्हणावा तर भाऊ नाही, मित्र म्हणावा तर मित्र नाही. एका घरच्या दोन पोरी केल्या, एवढ्याच गुन्ह्यावर दोन माणसं जन्मभर एकमेकांच्या ताटात बघत बसतात. माझे साडू किशनराव लातूरला प्लॉटचा धंदा करतात. मी मुखेडला मोटार वाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान चालवतो. आमच्या सासूबाई साखराबाई निलंग्याला असतात आणि आल्यागेल्याला आमची ओळख करून देतात, "थोरले जिल्ह्याचे जावई, धाकटे तालुक्याचे."

त्यांच्या पोटात काही नसतं, हे मला कळतं. तरी लागायचं ते लागतंच. त्या वर्षी उदगीर नवा जिल्हा होणार आणि मुखेड त्यात जाणार, अशी आवई उठली होती. मी हुरळून किशनरावांना फोन केला. ते म्हणाले, "झाला तरी जिल्हा उदगीर व्हईल साडू. मुखेड तालुकाच ऱ्हाईल की." वर मलाच उदगीरचा एक प्लॉट विकायला निघाले.

पण माझं खरं दुखणं गाडीचं होतं. वैशाखात मुदखेडला एक लग्न होतं. मामी, म्हणजे सासूबाई, निलंग्याहून माझ्या गाडीत पुढं बसल्या. माझी गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा एसी सुरुवातीला थंड वारा द्यायचा आणि मग चुलीसारखा फुंकायचा. अहमदपूरला चहाला थांबलो. चहा पिऊन मामी उठल्या आणि सरळ किशनरावांच्या नव्या पांढऱ्या गाडीकडं चालू लागल्या. "जरा गार बसते वं," एवढंच म्हणाल्या. त्यांची पानाची चंची माझ्याच सीटवर राहिली. मुदखेडपर्यंत ती चंची माझ्या शेजारी बसून आली आणि मामी पुढच्या गाडीत. लग्नात जो भेटेल तो विचारायचा, "मामी तुमच्या गाडीत होत्या ना?" काय सांगणार, कपाळ!

जळलो. जळलो नाही असं म्हणणारा साडू मला दाखवा.

त्याच वेळी ठरवलं की एसी दुरुस्त करायचा आणि आपल्या हातानं करायचा. नांदेडच्या एका मिस्त्रीनं गाडी बघून सांगितलं होतं की आतली कूलिंग कॉइल फुटली आहे, कॉम्प्रेसर जाम झाला आहे, डॅशबोर्ड उघडावा लागेल. तो मिस्त्री किशनरावांच्या ओळखीचा निघाला. त्याच्याकडं गाडी सोडली असती तर लातूरला बातमी आधी आणि गार वारा नंतर पोचला असता. शिवाय माझ्या हाताला काम नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, विहिरी आटलेल्या. विहिरीत पाणीच नसलं तर मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? दुकानात मी आणि माशा. कॉइल, कॉम्प्रेसर, ड्रायरची बाटली, रबराच्या रिंगा असं सगळं सामान नांदेडहून आणलं आणि अंगणात पाल बांधून गाडीचं पोट फाडायला बसलो.

माझी बायको सिंधू दारातून बघायची. "आवो, आख्खी गाडी उलगडून राहिले की तुम्ही. लावता येईल का परत?"

"मी मोटारी उलगडतो अन् लावतो. ही तर बसायची मोटार हाय."

"आन् हे सगळं कशापायी? अक्काच्या नवऱ्यापायी ना?" अक्का म्हणजे तिची थोरली बहीण.

"मामीला त्रास होतो म्हणून."

"हाव, लई मायेचे तुम्ही!" असं म्हणून ती आत गेली. आणि मी तिचा मसाल्याचा डबा उचलला, कारण स्क्रू ठेवायला त्याच्याइतकी सोयीची वस्तू जगात नाही. मोहरीच्या वाटीत डॅशबोर्डचे, जिऱ्याच्या वाटीत कॉइलचे, हळदीच्या वाटीत बारीकसारीक. तिनं बघितलं तेव्हा जे बोलली ते इथं लिहीत नाही.

काम झालं. सगळं जागच्या जागी बसलं. हळदीच्या वाटीत फक्त रबराचा एक आखूड, वाकडा नळा उरला. आता मोटार खोलून लावली की एखादी वस्तू उरतेच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. उरली म्हणजे नको होती. नळा तसाच डब्यात ठेवला. नांदेडला दुसऱ्याच गॅरेजात जाऊन मशीननं गॅस भरून घेतला आणि येताना एकट्यानं काचा लावून असा गारठलो की लोह्याजवळ मला शिंक आली. शिंकेचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला विष्णू समजून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे. मामींनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं आणि सांगितलं, "धोंडं खाऊन मला नांदेडला गंगेवर न्या. अधिकात एक तरी बुडी घ्यावी म्हणते." गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सिंधू अनारसे करायला आधीच एसटीनं माहेरी गेली होती. मी एकटाच गाडी घेऊन निघालो. मनात एकच गोष्ट होती. मामी पुढच्या सीटवर बसतील आणि नांदेडपर्यंत उतरणार नाहीत.

निलंग्यात त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. ओसरीवर दोन पाट मांडलेले. मामी तांब्या घेऊन आल्या. आधी थोरले. किशनरावांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत धुतले, पुसले, कुंकू लावलं. मग माझ्याकडं वळल्या आणि तांब्या उलटा केला, तर माझे जेमतेम अंगठे ओले झाले. मामींनी तांब्यात वाकून बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. किशनराव पाटावरून म्हणाले, "तालुक्याला पाणी असंच येतं साडू, शेवटाला." सगळे हसले. मीही हसलो.

निघताना मी गाडीचं पुढचं दार उघडून उभा राहिलो. "मामी, एसी नवा बसवलाय. बसा तरी."

मामींनी एकदा पांढऱ्या गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि बसल्या. सिंधू मागं. किशनराव आणि अक्का त्यांच्या गाडीत पुढं गेले. मी एसी लावला. थोड्या वेळानं मामींनी पदर अंगाभोवती घेतला आणि म्हणाल्या, "थंडी वाजून राहिली की वं!" त्या वाक्यासाठी मी आषाढाच्या उन्हात गाडीखाली लोळलो होतो. बाहेर आभाळ नुसतं भरून यायचं, घाम फोडायचं आणि पुढं सरकायचं. आत आम्ही राजे होतो.

अहमदपूर मागं पडलं. ज्या हॉटेलाशी मामी उतरल्या होत्या ते हॉटेल गेलं, त्या उतरल्या नाहीत. मी मनातल्या मनात शिट्टी घातली. आणि पुढच्याच वळणावर मामींनी पाय वर उचलले.

"जावई, गाडी गळून राहिली का?"

बघतो तर डॅशबोर्डखालून पाण्याची धार त्यांच्या पायावर. रबरी मॅटमध्ये तळं साचलेलं. त्या क्षणी मला हळदीच्या वाटीतला नळा आठवला. कॉइलवर जमलेलं पाणी गाडीबाहेर सोडणारा नळा तो. मी त्याला नको असलेला म्हणून मसाल्यात ठेवून आलो होतो. एकट्यानं फिरताना शेजारच्या सीटखाली बघतो कोण?

आता आली पंचाईत. एसी बंद करावा तर भट्टी, चालू ठेवावा तर गळती. दोन्हीकडून मामी पांढऱ्या गाडीत. माझी गाडी हळू झालेली बघून किशनराव पुढं थांबलेच. उतरून आले, मामींच्या बाजूचं दार उघडलं, खाली बघितलं आणि पोट धरून हसले.

"साडू, घरी गाडी उघडल्यावर दुसरं काय व्हणार? चला मामी, आमच्या गाडीत बसा. कोरडी हाय."

मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलो. मामींनी मला विचारलं, "हे पाणी हाय कुठलं?"

"हवेतलं हाय मामी. हवा गार झाली की त्यातलं पाणी गळतं."

मामींनी काचेतून वर भरलेल्या आभाळाकडं बघितलं. "हवेत एवढं पाणी हाय? मग पडाया काय झालंय त्याला?"

मग त्यांनी लुगडं जरा वर घेतलं आणि उचललेले दोन्ही पाय परत पाण्यात ठेवले. टाचांना बोट जाईल अशा भेगा होत्या. त्या एका पायानं दुसरा पाय चोळू लागल्या. पाणी काळं झालं.

"चला ना मामी," किशनराव म्हणाले.

"मी न्हाई उतरत," मामी म्हणाल्या. "होळीपासून पायावर असं पाणी घेतलं न्हाई मी. प्यायाला न्हाई तर पायाला कुठलं? ह्यांच्या वाट्याला माझ्या तांब्यात पाणी उरलं न्हाई, आन् ह्यांची गाडी मघापासून माझे पाय धुऊन राहिली."

"जावयाकडून पाय धुऊन घेता व्हय? पाप लागंल मामी!"

"गाडी कुठं जावई हाय? लावा दार. गार हवा चाललीय."

किशनरावांनी दार लावलं. त्यांचा चेहरा मी नीट, डोळे भरून पाहून घेतला. सोळा वर्षं जो चेहरा घेऊन मी फिरत होतो, तोच आज त्यांच्या मानेवर होता. खोटं कशाला बोलू, मामींच्या पायांचं वाईट वाटलं ते नंतर. आधी माझा जीव गार झाला.

गंगेला घाटापाशी गुडघाभरच पाणी होतं. मामींनी त्यात बसून बुडी घेतली आणि घाटावरच्या अनोळखी बायकांनाही सांगितलं, "माझ्या धाकट्या जावयाच्या गाडीत पाय धुवाया मिळतात." तालुका हा शब्द त्या दिवशी त्यांनी काढला नाही.

मुखेडला आल्यावर मी नळा शोधून काढला. तो पिवळाधमक झाला होता. लावायला बसणार तोच सिंधू फोनवर बोलून बाहेर आली. हसू आवरत नव्हतं तिला.

"अक्काचा फोन व्हता. दाजींनी लातूरच्या गॅरेजात गाडी नेली आन् तो पाण्याचा नळा उपसून आत सोडायला लावला. पुढच्या खेपेला आईला तेच नेणार म्हणे."

मी नळा परत डब्यात टाकला. "नव्या गाडीत? येडा हाय का माणूस!"

"आन् निलंग्याहून लातूरला जाईस्तोवर तांब्याभर पाणी पडतंय म्हणे."

"तांब्याभर?"

"अक्का तर तसंच म्हणली."

मी स्वयंपाकघरातून तांब्या उचलला, गाडी चालू केली, एसी पूर्ण सोडला आणि तांब्या गळतीखाली धरून बसलो.