कोऱ्या कानांची मेंढरं

मी एक जुना खोडरबर आहे. आता चिंचोक्याएवढा उरलो आहे. पण मित्रांनो, माझ्या आकारावर जाऊ नका. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला पांढराशुभ्र, चौकोनी होतो, अंगावर कागदी झगा होता. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका दुकानाच्या बरणीत काही दिवस पडून होतो, तेवढीच काय ती माझी विश्रांती. मग ऋतुजाने मला विकत घेतलं आणि माझ्या मागे घाई लागली.

ऋतुजा पुस्तकांसाठी चित्रं काढते. हात सुरेख, पण जिवाला चैन म्हणून नाही. एक रेघ ओढायची, मान वाकडी करून बघायची, की लगेच उचललं मला! चांगल्या रेघाही तिने माझ्याकडून पुसून घेतल्या आहेत. चित्र जमलं की लोक पेन्सिलीला नावाजतात आणि माझा भुगा फुंकर मारून उडवतात. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू?

यंदा काही शिक्षकांनी ठरवलं, कळपाबरोबर फिरणाऱ्या मेंढपाळांच्या मुलांना चित्रांचं पुस्तक फुकट द्यायचं. ऋतुजानेही ते काम बिनमोबदला घेतलं. गोष्ट साधी होती. एक कोकरू चुकतं, हिंडतं आणि आपल्या कळपात परततं. शब्द एकही नाही. पण मंद्रूपजवळ उतरलेले कळप महिनाभरात पुढे निघणार होते. त्याआधी पुस्तक झालं नाही, तर ती मुलं वर्षभर भेटणार नव्हती. ऋतुजाचा जीव टांगणीला लागला, आणि तिच्यापायी माझाही.

छपाईला आठ दिवस उरले तेव्हा ती चित्रं दाखवायला मंद्रूपच्या माळावर गेली. मी तिच्या डबीत होतोच. राजाबाई नावाच्या मेंढपाळ बाईंनी सगळी पानं उलटून पाहिली.

“लई झ्याक काढलंय,” त्या म्हणाल्या. “पन ताई, ही मेंढरं कुनाची?”

“गोष्टीतली आहेत, मावशी.”

“तसं कसं? कानाला खूनच न्हाय की! कोकरू घावलं तरी ते कुनाचं हाय, कसं कळायचं?”

प्रत्येक घरची मेंढरं कानाच्या खाचेवरून ओळखतात, हे ऋतुजाला ठाऊक नव्हतं. डोळे, खूर, लोकर तिने बारकाईने पाहिली होती. कान मात्र नुसतेच काढले होते. तिने तिथेच बसून सगळ्या मेंढरांच्या डाव्या कानाची कड पुसून राजाबाईंच्या घरची खाच काढली. मी अर्धा झिजलो. म्हटलं, सुटलो एकदाचा!

कुठलं काय! शेजारच्या कळपाचे धुळाप्पा डोकावले. “ही तर राजाबाईची मेंढरं की! आमच्या पोरांनी दुसऱ्याची मेंढरं कशापायी बघायची?”

ऋतुजा रडकुंडीला आली. घरी येऊन तिने उजव्या कानाला खाच काढली, पुसली. दोन खाचा काढल्या, पुसल्या. पाठीवर ठिपका दिला, तोही पुसला. जेवण नाही, धड बसणं नाही. शेवटी तिने सगळेच कान कोरे केले. म्हणजे होते तसेच! मग मला एवढं झिजवलं कशाला? मी मनातल्या मनात तिला खूप बोललो.

पण तिने छापखान्यात फोन लावला. “गुळगुळीत कागद नको. पेन्सिल उठेल असा साधा घ्या.” आणि प्रत्येक पुस्तकाला तिने एक पेन्सिल बांधली.

कळप निघायच्या सकाळी पुस्तकं माळावर पोचली. घोड्यांवर सामान चढत होतं. धुळाप्पांची नातवंडं पालथी पडून चित्रातल्या कोऱ्या कानांवर आपल्या घरच्या खाचा काढू लागली. राजाबाईंची नात पूनम तिच्या पुस्तकातल्या एकेका मेंढराच्या डाव्या कानाला खाच काढत गेली. शेवटी कोकराची पाळी आली, तेवढ्यात घोडा खिंकाळला आणि तिची रेघ वाकडी गेली.

ऋतुजाने मला पुढे केलं. “घे, पुसून नीट काढ.”

पूनमने पुस्तक छातीशी धरलं. “आमच्या कोकराची खून पुसायची व्हय? मग ते घरी कसं यील?”

ऋतुजाने मला मुठीत घट्ट मिटलं. तिचे डोळे भरले होते. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी नको म्हटलं, आणि मला वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुमचं स्वतःचं चुकलं तर मला खुशाल झिजवा, मी कुरकुरलो तरी येईन. पण दुसऱ्या कुणी आपलं म्हणून काही काढलं असेल, तर ते वाकडं दिसलं तरी त्याच्यावर मला फिरवू नका.