कोमट

मनिषाने ओव्हन ओट्यावर थोडा पुढे ओढला, मागच्या फटीत हात घातला आणि भिंतीपर्यंत वीतभर जागा आहे ना, ते चाचपून पाहिलं.

“आज बी मोजलीस?” स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नातीला मांडीत घेऊन बसलेल्या बायनाबाई म्हणाल्या. “रातचून भिंत चालायलीय का काय?”

“भिंत कशाला चालेल, आत्या? ओटा पुसताना तुम्ही ह्याला मागं ढकलता. आतली गरम हवा मागून निघते. तिला वाट नको का?”

“मग सासू ढकलते म्हण की सरळ. बिचाऱ्या भिंतीवर कशाला यायलीस?”

मनिषाला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. हसलं की शिकवणं सैल पडतं असं तिला वाटायचं, आणि सोमवारपर्यंत काहीही सैल पडून चालणार नव्हतं. सोमवारी तिला सेलूच्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं. एम.एस्सी. झाल्यापासून जिची वाट पाहिली ती नोकरी एकदाची दारात आली होती, आणि सोमवारी आपण गेलो नाही तर ती दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल, हे तिथल्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. नवरा, सुगत, पाथरीच्या एका शाळेवर मास्तर. सकाळी मोटारसायकल काढायचा तो दिवेलागणीलाच वालूरला परतायचा. म्हणजे दिवसभर घरात दोघीच, पारमिता आणि तिची आजी.

पारू नुकती चालायला लागली होती, आणि चालून जायचं कुठे, तर गॅससमोर उभ्या असलेल्या बाईच्या पायांत. मग दुपारचं तिचं खाणं तापवायला गॅस पेटवायलाच नको, असं मनिषाने ठरवलं. पुण्याच्या भावाने नवा ओव्हन घेताना जुना देऊ केला, तो तिने हट्टाने गाडीत घालून आणवला. वायरमनला बोलावून त्याला वेगळी जाड वायर ओढून घेतली, अर्थिंग तपासून घेतलं, आणि तरीही पहिले काही दिवस ती बटण दाबून दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. जाळ नाही, धूर नाही, आणि ओट्यावर पारूचा हात पोचत नाही. उरली होती फक्त सासूबाईंची शिकवणी.

बायनाबाईंनी शिकण्यात कसूर केली नव्हती. बटणांवरची इंग्रजी नावं त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली आणि स्वतःची ठेवली. मायक्रोवेव्हवर अन्न तापतं पण आतल्या भिंती फारशा तापत नाहीत, म्हणून ती ‘थंडी पेटी’. कन्व्हेक्शनवर पंखा फिरतो आणि आतली हवाच तापते, म्हणून ती ‘भट्टी’. मनिषाला ही नावं इतकी पटली की ती स्वतःही तीच वापरू लागली.

“थंड्या पेटीत वाटी कुठली?” ती कणीक मळता मळता मध्येच विचारायची.

“काचंची. न्हाईतर चिनी मातीची.”

“आणि स्टीलची?”

“ठेवली तर ठिणग्या. स्टील न्हाई, अ‍ॅल्युमिनम न्हाई, ते सोनेरी काठाची बशी बी न्हाई.”

“भट्टीत?”

“भट्टीत जाळी चालती, पत्र्याचा डबा चालतो. पिलास्टिक चालत न्हाई. विचार की आणखी.”

“झाकण?”

“तिरपं. वाफंला फट.”

“थांबल्या थांबल्या काढायचं?”

“न्हाई. दम द्यायचा. पेटी थांबली तरी आतलं शिजायलंच असतंय.” मग बायनाबाई मान वर करून म्हणायच्या, “दम मला तू शिकवायलीस व्हय? शेजारच्या खालाच्या देगीपाशी बसून शिकलेय मी दम. तवा तू झाली बी नव्हतीस.”

घोर लागला तो भरताच्या वांग्यांमुळे.

गुरुवारी बायनाबाईंनी कुणी न सांगता भट्टी आधी तापू दिली. वांग्यांना टोचे मारले, तेलाचा हात लावला, जाळीवर मांडली. मनिषा दारातून पाहत होती आणि तिला एकही चूक सापडत नव्हती. घंटी वाजली. जाड कापडी मोजे तिथेच खिळ्याला टांगलेले होते. बायनाबाईंनी दार उघडलं, पदराचं टोक नुसतं बोटांना लावल्यासारखं केलं आणि ती तापलेली जाळी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. वर एक वांगं देठाला धरून उलटंही करून पाहिलं.

“आत्या!”

“काय झालं?”

“मोजे!”

“अगं, एवढ्याशाला मोजे? जलमभर तव्यावरची भाकर बोटानं उलथली मी. चटके संपले मपले.”

मनिषाने त्यांचा हात ओढून घेतला आणि पालथा-उताणा करून पाहिला. कुठे लाली नाही, फोड नाही. कापूस वेचून, खुरपून, चुलीतली लाकडं मागेपुढे करून तो हात आतूनबाहेरून घट्ट झाला होता. सून आपला हात हातात धरून बसली आहे, याचं बायनाबाईंना बरंच वाटलं असावं. त्यांनी तो काढून घेतला नाही. मनिषाच्या मनात मात्र वेगळंच आलं: ह्या हाताला तापलेली जाळी कळत नाही, तर पारूचं खाणं किती गरम आहे ते कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी तिने ते तपासायचं ठरवलं. पारूसाठी केलेली रव्याची पातळ खीर तिने काचेच्या वाटीत घेतली, हवी त्यापेक्षा अंमळ जास्तच तापवली आणि वाटी सासूबाईंपुढे ठेवली. थंडी पेटी सगळीकडे सारखं तापवत नाही, कडेला निखारा आणि मध्ये गार असं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तळापासून नीट ढवळलं, चमच्यातला थेंब हाताच्या मागच्या बाजूवर टाकला आणि क्षणभर थांबल्या.

“कोमट हाय. आण पारूला.”

मनिषाने त्याच चमच्यातला थेंब आपल्या मनगटावर सोडला. तिचा हात आपोआप झटकला गेला.

“हे कोमट आहे, आत्या?”

“मला तर कोमटच लागायलंय.” त्यांनी पुन्हा एक थेंब टाकला, या वेळी दुसऱ्या हातावर. मग तळव्यावर. मग सुनेच्या मनगटावर उठलेल्या लाल ठिपक्याकडे पाहत त्यांनी चमचा वाटीत ठेवून दिला.

चाखून बघा म्हणावं तर चहासुद्धा त्या उकळता घशाखाली उतरवायच्या. शब्द एकच होता आणि दोघीही तो खरेपणानेच वापरत होत्या. पण एकीच्या कोमटाने लेकराची जीभ पोळली असती.

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मनिषाने सुगतला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती. पोरांच्या गलक्यातून त्याचा आवाज आला.

“मी नाही जात सोमवारी,” ती म्हणाली.

“आता काय झालं?”

“आत्यांच्या हाताला गरम कळतच नाही. बटणं, वाट्या, झाकणं, सगळं येतंय त्यांना. पण शेवटी चमचा पारूच्या तोंडात जातो ना.”

“थर्मामीटर आणू का?”

“अहो, तो तापाचा असतो.”

“मग गारच भरवू दे.”

“फ्रिजमधलं गार? मागच्या सर्दीत काय हाल झाले, विसरलात का?”

 “तू ठरव,” सुगत म्हणाला. तो काही टाळायला तसं म्हणाला नव्हता, पण ठरवणं शेवटी तिच्याच पदरात पडलं.

ती वळली तर जिन्याच्या तोंडाशी बायनाबाई उभ्या होत्या.

“चिमटे खालीच राहिले होते,” त्या म्हणाल्या. त्यांनी चिमट्यांची टोपली कठड्यावर ठेवली आणि एकेक पायरी धरून खाली गेल्या.

त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाला टोमणा मारला नाही. बायनाबाईंनी एकट्यानेच सगळी भांडी घासली. मधून एकदा मोरीत भांडं आपटल्याचा आवाज आला. मनिषा उठून जाणार होती, पण पारूला थोपटत बसून राहिली.

शनिवारी सकाळी बायनाबाईंनी धुवट लुगडं नेसलं, पिशवी काखेत घेतली.

“जरा गावात जाऊन येते.”

“काही आणायचं होतं का? मी आणते की.”

“न्हाई. मपलंच काम हाय.”

नणंदेचं घर गावातच होतं. तिथे बसून आता आपला उद्धार चालला असेल, असं मनिषा धरून चालली आणि तिला त्याचा रागही आला नाही. एवढ्या वयाच्या बाईचा हात आपल्या लेकरासाठी चालत नाही असं म्हणायचं, तेही तिच्याच मुलाला, तिच्या पाठीमागे. तिने कॉलेजातल्या बाईंना मोबाईलवर दोन ओळी लिहायला घेतल्या. घरगुती अडचणीमुळे, एवढं लिहून झालं आणि पुढचा शब्द सापडेना. पारू फरशीवर बसून मोज्यांची जोडी तोंडात घालत होती.

बायनाबाई परतल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पदर दोन्ही हातांवरून घट्ट ओढून घेतला होता. पारू भुकेने रडायला लागली होती.

“खीर हाय का फ्रिजात?”

“आहे. मी तापवते, आत्या.”

“सर बाजूला.”

त्यांनी हात धुतले. काचेची वाटी घेतली, झाकण तिरपं ठेवलं, थंडी पेटी लावली. घंटी वाजली तरी दार उघडलं नाही. पारू लुगडं ओढत होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. मग पारूच्या हातातले मोजे सोडवून घेतले, झटकले आणि पहिल्यांदाच हातात चढवले. वाटी ओट्यावर आली. मोजे उतरवून त्यांनी कडेचं मध्ये, मधलं कडेला, असं तळापासून ढवळलं. नंतर डाव्या हातावरचा पदर मागे सारला.

काय बदललं आहे ते मनिषाला आधी कळलंच नाही. हात तोच होता, पण ओकाबोका दिसत होता. मग लक्षात आलं. चांदीचे ते जाड, कड्यासारखे गोठ नव्हते. लग्नात चढवलेले ते गोठ हात जाड होत गेला तसे मनगटातच बसले होते. दवाखान्यात एकदा नर्सने साबण लावला, तेल लावलं, तरी निघाले नव्हते. आता त्यांच्या जागी कातडीचा एक पट्टा होता, फिकट आणि नितळ, पट्टी सोडल्यावर दिसते तशी. उरलेल्या हाताशी त्याचं काही नातं आहे असं वाटत नव्हतं.

“गोठ कुठायत, आत्या?”

“कापून आणले सोनाराकडून.” नखं काढून आल्यासारखं त्या म्हणाल्या. “लय वेळ लावला मेल्यानं. म्हणायलाय, मावशे, मोडायचेत का? म्हणलं, मोडायचे न्हाईत बाबा, काढायचेत.”

“पण का?”

बायनाबाईंनी चमच्यातला थेंब त्या पट्ट्यावर सोडला. त्यांचे ओठ आवळले गेले, हात किंचित मागे आला.

“हितं कळतंय,” त्या म्हणाल्या. “काल भांडे घासताना कढत पाणी गोठाखाली शिरलं. असं चटकन बसलं! हातातलं पातेलं पडलं. म्हणलं, हाय की एक जित्ती जागा.” त्यांनी थेंब पदराने पुसला. “गरम हाय आजून. थांब गं पारू. मार बोंब. पोळण्यापरीस रडलेली बरी.”

पारूने खरंच बोंब मारली. मनिषाचा हात वाटीकडे जायला निघाला आणि मध्येच ओट्याच्या कडेला टेकला. बायनाबाई ढवळत राहिल्या, थांबल्या, पुन्हा ढवळलं. पुन्हा थेंब टाकला आणि दूरचं काही ऐकावं तशी मान तिरकी केली. पुसला. आणखी थांबल्या. शेवटचा थेंब पट्ट्यावरून हळूच ओघळला, तरी हात हलला नाही.

“आता कोमट,” त्या म्हणाल्या आणि वाटी सुनेपुढे धरली. “बघ तू बी.”

मनिषाने वाटीकडे पाहिलं. त्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. मग खाली वाकून पारूला उचललं, तिचं नाक पुसलं आणि वाटी घेऊन खाली टेकलेल्या आजीच्या मांडीत तिला ठेवलं.

पहिला चमचा गेला. पारूने रडणं अर्ध्यावर सोडलं, जीभ ओठांवरून फिरवली आणि तोंड पुन्हा उघडलं. दुसरा गेला. मनिषा उंबऱ्यावर बसून पाहत होती. बायनाबाई दर चमच्याला तो पट्टा चमच्याच्या पोटाला लावून पाहत होत्या.

“आत्या,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सेलूची पहिली जीप कितीला निघते हो?”

“मला काय ठावं?” चमच्यावरची नजर न हलवता बायनाबाई म्हणाल्या. “नोकरीला मी जायलेय का तू?”