चिंचेनं घासलेला हत्ती

आमचे हे, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले अनंतराव, माणसांपेक्षा मेलेल्या भुंग्यांशी जास्त बोलतात. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं सुगरणीची घरटी, शंख, सापाच्या काती आणि पितळेचे हत्ती-घोडे नांदले, आणि मी त्यांच्यावरची धूळ झटकत आले. प्रत्येक वस्तूला ह्यांच्या हातची चिठ्ठी: काय, कुठलं, कधी, कोणाला सापडलं. तुळशीखालची कात मीच आधी पाहिली, किंचाळलेही मीच. चिठ्ठीवर नाव मात्र ह्यांचं.

आता मुलाकडे तेलीबांध्याला राहायला जायचं ठरलं. तिथल्या फ्लॅटमध्ये ह्या पसाऱ्याला एकच फळी. एका कॉलेजातले सौमित्र सर सगळा संग्रह कॉलेजच्या काचेच्या कपाटात मांडायला तयार झाले, रविवारी बघायला येणार होते. लेकीला बघायला पाहुणे यावेत तशी ह्यांना धाकधूक. बस्तरचा जुना काळा हत्ती कपाटात मधोमध उभा राहावा, एवढीच ह्यांची इच्छा.

शनिवारी हे घरटी गुंडाळायला कापूस आणायला सदर बाजारात गेले. मला वाटलं, पाहुण्यांपुढे हत्ती असा काळाकुट्ट कसा ठेवायचा? लक्ष्मीपूजनाला समया घासते तसा चिंच आणि राख घेऊन दुपारभर घासला. लख्ख निघाला. मी खूश.

हे आले आणि बघतच बसले.

"काहून घासला, विमला?"

"पाव्हणे येऊन राहिले, मंग काळा ठेवू काय?"

"त्या काळेपणातच त्याचं वय होतं. तसा रंग चढायले जन्म जाते."

आवाज चढवला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. पण हे हात धुऊन जेवायला बसले, आणि मी माझं ताट झाकून ठेवलं.

रविवारी सौमित्र सरांनी घरटी, शंख, बाकीचे हत्ती-घोडे, काती आनंदानं पेटीत भरल्या. हत्ती उलटापालटा करून पाहिला.

"काकाजी, ये तो नया लग रहा है."

"जुनाच आहे जी," मी म्हणाले. "गलती माझी आहे. मीच घासला."

सर ओशाळले. "कोई बात नहीं काकीजी, इसे भी रख लेंगे," म्हणाले. पण ह्यांनी हत्ती त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हा राहू द्या. हा घरचा आहे."

सर गेल्यावर हे टेबलाशी बसून काहीतरी खरडत होते. मग हत्ती आणून माझ्यापुढे ठेवला. पायाला नवी चिठ्ठी. मी चष्मा लावला.

'हत्ती. पितळ. बस्तर. आतला रंग सापडला: विमलाला, ब्राह्मणपाऱ्यात, शनिवारी दुपारी.'

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव आलं होतं. मी रडले, लपवून नाही, समोरच.

"तारीख राहिली," मी म्हणाले.

"टाकतो," हे म्हणाले.

तेलीबांध्याच्या फळीवर आता तो एकटाच उभा असतो. पुन्हा काळा पडायला लागलाय. त्याला हात लावायची मला मनाई आहे.