धुरामागची रांग

कमलाकरांनी सीडी शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा घातली. या वेळी गाणे सुरू झाले. सात रस्त्याजवळच्या त्या अरुंद स्टुडिओत सावित्रम्मा स्टुलावरून पुढे वाकल्या.

पंचवीस वर्षांपूर्वी कमलाकर अशा सीडींवरच्या अल्बमची गाणी चित्रित करत. गुलाबी प्रकाश, गळ्यापर्यंत पांढरा धूर, कडांना चमचमत्या चांदण्या आणि कडवे संपले की पडदाभर फुलणारा बदाम. गाणे करावे तर कमलाकरांनीच, असे तेव्हा सोलापुरात म्हणत.

सावित्रम्मांची चेतना त्यांच्या एका गाण्यात मागच्या रांगेत नाचली होती. त्याच वर्षी ती काविळीने गेली. घरात तिचे दोनच फोटो होते, तेही गळक्या पत्र्याखाली भिजून गेले. आता लेकीचा चेहरा आठवेनासा झालाय, हे सावित्रम्मांनी आल्या आल्या सांगितले होते, तेही खाली बघत.

कमलाकर चित्र थांबवत, पुढे सरकवत राहिले. पुढच्या तिघी स्वच्छ दिसत होत्या. मागे कधी कोपर दिसे, कधी गजरा. चेहरा वर येतोय असे वाटावे तेवढ्यात चांदण्या पसरत. एका मनगटातल्या हिरव्या बांगड्या मात्र सावित्रम्मांनी ओळखल्या. त्या त्यांनीच तिला भरून दिल्या होत्या.

बांगड्यांच्या वर नुसता धूर होता. मागच्या मुली सावळ्या आहेत, धूर वाढवा, असे तेव्हा आपणच ओरडलो होतो, हे कमलाकरांना आठवले. त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"हेच छापून दे, दादा," सावित्रम्मा धुरावर बोट ठेवून म्हणाल्या.

प्रिंटर घरघरू लागला.

"नाचायला लई चांगली होती की. मग मागं का उभी केली?"

"उंच मुलींना मागं ठेवायचो, अम्मा."

सावित्रम्मांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"उंच कुटं? माज्या खांद्याला यायची ती."

कमलाकर प्रिंटरकडे बघत राहिले. सावित्रम्मांनी चष्मा लावून पडद्यावरच्या त्या तीन गोऱ्या चेहऱ्यांकडे बराच वेळ पाहिले, मग मांडीवरच्या आपल्या हाताकडे. कागद बाहेर आला तेव्हा शाई पुसली जाऊ नये म्हणून तो तळहातांवर आडवा धरून त्या सावकाश पायऱ्या उतरल्या.