रॅमची खाच

बाबांचा कॉम्प्युटर तीनदा पीं-पीं करून गप्प बसला. चूक माझीच. सकाळी स्क्रीन गोठली, तेव्हा मी डोक्यात राख घालून सरळ प्लगच उपटला होता.

आजारपणात बाबांची वाचा गेली होती आणि आता ते शब्दही विसरायला लागले होते. उरलेले शब्द ते डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे. तीन दिवस मशीन चालूच ठेवून माझ्यासाठी काहीतरी लिहीत होते. मला खुणेनं बोलवायचे, वाच म्हणून. मी म्हणायचे, "नंतर हो बाबा, कामं पडलीत."

तीनदा पीं म्हणजे रॅम, मेमरीची पट्टी, गेली असं मोबाइलवर सापडलं. धावत दुकानात गेले. "आठ जीबी रॅम द्या." मिळाली. घरी आणली तर बसेना. पट्टीची खाच एकीकडे, बोर्डावरचा उंचवटा दुसरीकडे. तरी मी येडी दाबतच राहिले. शेवटी बाबांनीच माझं मनगट धरलं.

जुनी पट्टी रुमालात गुंडाळून पुन्हा दुकान गाठलं.

"अहो ताई, ही डीडीआर-थ्री, जुन्या पिढीची, तुम्ही नेलीत फोर," दुकानदार म्हणाला. "जीबी सगळे सांगतात, खाच कोणी बघत नाही."

"दादा, ह्या जुनीतलं लिखाण नवीत घालून द्याल ना?"

तो हसला. माझा चेहरा बघून थांबला. "ह्यात काही उरत नाही हो. वीज असेपर्यंतच हिला आठवतं. सेव्ह केलं असेल तर डिस्कमध्ये सापडेल. केलंय ना?"

सेव्ह मीच करायचे, रोज संध्याकाळी. हे तीन दिवस मात्र एकाही संध्याकाळी त्या टेबलाकडे फिरकले नव्हते.

नवी पट्टी खट्‌कन बसली. मशीन एकदाच पीं करून सुरू झालं. पहिल्या दिवशी मीच उघडून, पहिल्या शब्दालाच सेव्ह करून दिलेली फाइल सापडली. तिच्यात "बाळे," एवढंच होतं. खाली सगळं कोरं.

"बाबा, परत लिहा ना. मी इथंच बसते. शब्द न् शब्द वाचते, शप्पथ!" मी रडायलाच लागले.

त्यांचं बोट बराच वेळ कीबोर्डवर नुसतं फिरत राहिलं. मग एकेक अक्षर उमटलं.

"काय लिहिलं होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तेवढंच सेव्ह केलं.